तोच घाट, रोज

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत एक किताब असा आहे, जो मिळवायला पुण्यात पहिले पोहोचावे लागत नाही. खोपोली मागे पडली की बोरघाट सुरू होतो आणि शिंग्रोबाच्या देवळावरून वळणे घेत खंडाळ्याला वर निघतो. हा चढ जो सर्वांत आधी संपवतो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यत मात्र तिथे संपत नाही. लोणावळ्यापासून पुणे अजून साठेक किलोमीटर उरते, रस्ता बराचसा सपाट होतो, आणि घाटात एकट्याने पुढे निसटलेल्याला मागून आळीपाळीने वारा अंगावर घेत येणारी टोळी गाठू शकते. त्यामुळे घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असतील, याची खात्री कोणी देत नाही. हे दोन मान वेगळे ठेवण्यामागे सायकलिंगची खरी जाण आहे. सपाटीवरची जीत बरोबरच्या चार जणांच्या चालीवर ठरते, चढावरची ज्याची त्याच्या दमावर.

पुढच्या पानांचा विषय आहे तो घाटाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर राहणारा हौशी शर्यतपटू. तो पुण्यात असेल, नाशकात, साताऱ्यात, वाईत, चिपळुणात किंवा सावंतवाडीत. सकाळी नऊ-दहाला त्याला कुठेतरी हजर व्हायचे असते: बँकेत, दवाखान्यात, वर्गात, स्वतःच्या दुकानात. खेळाच्या कोट्यातून लागलेली नोकरी त्याच्याकडे नसते, रेल्वेचा किंवा सैन्यदलाचा संघ त्याच्या पाठीशी नसतो. आपल्याकडे खेळात ‘हौशी’ म्हटले की कच्चा, अर्धवट असा अर्थ घेतला जातो, आणि मला तो मुळातच चुकीचा वाटतो. हा शब्द मराठीत सर्वाधिक सन्मानाने वापरला तो नाटकाने. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा कारकून किंवा शिक्षक दिवसभर काम करून रात्री तालमीला जातो. त्याला कोणी अर्धा नट समजत नाही. उलट पोटापाण्याचा व्यवहार बाजूला ठेवून केलेले काम म्हणून त्याच्याकडे अधिक आदराने पाहिले जाते. इंग्रजीतल्या ‘अमॅच्युअर’ शब्दाचा इतिहास इतका स्वच्छ नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या काही खेळांच्या नियमांनी अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्याला अमॅच्युअर म्हणून घ्यायलाच नकार दिला होता. आपल्या ‘हौशी’ला तसला वर्गाचा वास नाही. या शब्दाचा सन्मान टिकवायचा असेल तर हा माणूस नेमका कशाच्या आधारावर खेळाडू ठरतो, हे नीट सांगावे लागेल. माझ्या मते तो आधार घाट आहे. शर्यती वर्षातून चार-सहा होतात, घाट बाकीच्या सगळ्या दिवशी असतो. तो शर्यतपटूला एक प्रामाणिक माप देतो, आणि ते माप हाताशी असल्यामुळेच पगार, प्रशिक्षक आणि संघ यांच्यावाचूनही त्याला खेळाडू म्हणून जगता येते.

हे माप तयार कसे झाले, ते सह्याद्रीच्या घडणीत पाहावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार उभे राहिले. त्याची पूर्वेची बाजू हळूहळू उतरते, पश्चिमेची मात्र कड्यासारखी कोकणात तुटते. म्हणून आपल्या बहुतेक मोठ्या घाटांचे काम एकच आहे: कोकणातून देशावर चढायचे, पाच-सहाशे मीटर, फार तर त्याहून थोडे अधिक. माणसे आणि लादलेली जनावरे ही चढण दोन हजार वर्षांपासून करत आली. नाणेघाटातल्या पायऱ्या आणि सातवाहनकालीन शिलालेख त्याची साक्ष देतात. पण नाणेघाटातून चाक जात नाही. चाकाला वेगळा रस्ता लागतो, लांबण घेत जाणारा, चढ वाटून देणारा. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० मध्ये, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि पुढे एकेका घाटात असे रस्ते झाले. या रस्त्यांचा चढ ठरवताना समोर होती ती भरलेली बैलगाडी. बैलाला न थांबता ओढता येईल एवढाच चढ ठेवायचा, त्यासाठी वळणे वाढली तरी चालतील. आज सायकलवाला ज्या चढावर दम राखून पेडल मारतो, तो चढ एका अर्थी बैलाच्या खांद्याच्या मापाने कापलेला आहे. बैल आणि सायकलस्वार दोघेही थोड्या ताकदीचे आणि मोठ्या चिकाटीचे. दोघांना एकच रस्ता मानवावा, यात नवल नाही.

या घडणीचा परिणाम असा, की आपले घाट हौशी माणसाच्या दिवसात मावतात. सिंहगडाचा घाटरस्ता गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणीचा घाट त्याहून सौम्य आणि थोडा लांब. तयारीच्या हौशी सायकलपटूला यातला कोणताही चढ पाऊण ते एका तासात संपतो, तरबेज असेल तर त्याहून लवकर. फ्रान्समधला आल्प द्युएझचा प्रसिद्ध चढ १३.८ किलोमीटरचा, २१ वळणांचा आणि अकराशे मीटरच्या जवळपास उंचीचा आहे. आल्प्समध्ये त्याच्या दुप्पट लांबीच्या खिंडीही आहेत, आणि हिमालयातल्या खिंडी तर दिवसच्या दिवस खातात. त्या भव्यतेपुढे सह्याद्री ठेंगणा वाटेल. पण सायकलिंगच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे शरीराला साधारण एक तास टिकवता येईल अशी कमाल शक्ती. तिला सगळे ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात. तिच्या बरेच वर गेलात तर पायांत आग साचते आणि दहा-पंधरा मिनिटांत माणूस ढासळतो. तिच्या जरा खाली राहिलात तर बराच काळ चालत राहता येते. ज्याच्या घराजवळ चाळीस ते साठ मिनिटांचा अखंड चढ आहे, त्याला हे माप घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. सह्याद्रीची उंची या एका बाबतीत नेमकी बेताची आहे.

चढावरचे माप प्रामाणिक का, याचे उत्तर हिशेबात आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरा. सात टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने जाताना निव्वळ वजन वर उचलायला साधारण १५० वॅट लागतात. टायरच्या घर्षणाला दहा-अकरा आणि हवा कापायला चार-पाच. म्हणजे दहातले नऊ भाग थेट उंची मिळवण्यात जातात. आता तोच स्वार सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरने चालला आहे असे समजा. त्याला सुमारे २३० वॅट लागतील आणि त्यातले १९० हवेलाच जातील. हवेचा विरोध मात्र बदलता असतो. पुढच्याच्या चाकामागे लपलात की मोठा हिस्सा वाचतो, वारा पाठीशी आला की वेग आपोआप वाढतो, ट्रक शेजारून गेला तरी ओढून नेतो. सपाटीवर ताशी ३५चा आकडा आला, तर तो कोणामुळे आला, हे स्वतः चालवणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. घाटात दडायला जागा नाही. पुढच्याच्या मागे राहून तिथे मानसिक आधार मिळेल, वॅट फारसे वाचणार नाहीत. ऑक्टोबरात ५२ मिनिटांचा घाट जानेवारीत ४८ मिनिटांत झाला, तर ती चार मिनिटे जवळजवळ पूर्ण त्याची स्वतःची आहेत. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे, की उकाडा, दमट हवा आणि उखडलेले डांबर आपापला वाटा घेतातच. पण एकाच रस्त्यावर वर्षातून पन्नास वेळा घेतलेल्या नोंदींत या गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, आणि खाली उरतो तो माणूस.

या मापाची गरज हौशाला व्यावसायिकापेक्षा जास्त आहे. व्यावसायिक सायकलपटू आठवड्याला पंचवीस-तीस तास सायकलवर असतो, आणि झोप, मालिश, जेवण हाही त्याच्या कामाचाच भाग असतो. नोकरी करणाऱ्याला आठवड्यात सहा ते दहा तास मिळाले तरी खूप. पहाटे पाचला निघून सातला परत यायचे, असे दोन-तीन दिवस, आणि रविवारची एक लांब राईड. इतक्या थोड्या वेळात चुकीला जागा नसते, आणि सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे रोज मध्यम जोर लावणे. ना पुरेसे हळू, ना पुरेसे जोरात. सपाटीवर ही चूक लक्षात येत नाही, कारण गावातल्या ग्रुपबरोबर गेले की वेग चांगला दिसतो आणि समाधानही मिळते. घाट ती उघडी पाडतो. आदल्या दोन दिवसांचा थकवा पायांत असेल तर तिसऱ्या वळणावरच कळते, आणि घड्याळ ते लिहून ठेवते. हलके जायचे असेल तर गिअरही तसाच लागतो, हेही घाटच शिकवतो. पुढे ३९ आणि मागे २५ दात्यांची जुन्या धाटणीची जोडी घेऊन ताशी ८ किलोमीटरने चढायचे, तर मिनिटाला चाळीसच्या आसपास फेरे पडतात, प्रत्येक फेरा गुडघ्यावर येतो. ३४ आणि ३२ची जोडी लावली की तेच साठ होतात. घाटाच्या गावातला सायकल दुरुस्त करणारा मागची कॅसेट मोठी घ्यायला सांगतो, ते या कारणाने. तरुण शर्यतपटूंना त्यात कमीपणा वाटतो, आणि दोन हंगामांनी ते निमूटपणे ती बसवून घेतात.

हंगामही आपल्याकडे घाटच ठरवतो. जूनमध्ये पाऊस उतरला की रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, दरडी सुटतात. सिंहगडाचा रस्ता दरड कोसळल्याने बंद ठेवावा लागला, अशी बातमी बहुतेक पावसाळ्यांत येतेच. मग गॅलरीत ट्रेनरवर सायकल चढवून घाम गाळण्याचे महिने. ते कंटाळवाणे खरे, पण शिस्तीची खरी परीक्षा तिथेच होते. ऑक्टोबरच्या उन्हात पाय पुन्हा चढाला लागतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. मार्चनंतर सकाळी आठलाच कातळ तापू लागतो. या चार महिन्यांच्या खिडकीसाठी आठ महिने आखायचे असतात, आणि ते आखताना घरातली लग्ने, मुलांच्या परीक्षा, मार्चअखेरची कामे यांच्यामधून वाट काढायची असते. खिशात केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची वडी. तासाभराच्या घाटाला याहून महागडे काही लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. घाट इतके खरे माप देत असेल, तर शर्यतीत उतरायचेच कशाला? रोज घड्याळाशी खेळावे आणि घरी यावे. माझे उत्तर असे, की घाट ताकद मोजतो, निर्णय मोजत नाही. कोणाच्या मागे राहायचे, कधी सोडून द्यायचे, पायथ्याशी जोश आला असताना किती राखून ठेवायचे, हे दुसरी माणसे शेजारी असल्याशिवाय शिकता येत नाही. एकट्याने चढताना माणूस आपली चाल निवडतो. शर्यतीत ती दुसरा निवडतो, आणि तिच्याशी जुळवून घेताना आपली सीमा नेमकी कुठे आहे हे ठाऊक असणारा टिकतो. बोरघाटात टोळी फुटते ती यामुळेच. पायथ्याच्या पहिल्या किलोमीटरला सगळेच बलवान असतात. आपला थ्रेशोल्ड ओळखणारा तिथे वीस-तीस जणांना पुढे जाऊ देतो आणि देवळाच्या वर त्यांतल्या अर्ध्यांना मागे टाकतो. एरवी सुट्या पडलेल्या पहाटांना एका तारखेशी बांधण्याचे कामही शर्यतच करते. मापाला परीक्षा हवी आणि परीक्षेला माप. माझा आग्रह एवढाच आहे, की दोहोंतले मूळ माप आहे. परीक्षेचा निकाल वाईट लागला म्हणून खेळाडूपण संपत नाही.

या म्हणण्याला महाराष्ट्रातच भक्कम दाखले आहेत. रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याला नेणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांचा संघ म्हणून ती पुरी केली. दोघेही वैद्यकीय व्यवसाय सांभाळणारे. २०१७ मध्ये सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने, ११ दिवस १८ तासांच्या वर थोड्या वेळात संपवली. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्या तयारीचे दिवसही नाशिकशी जोडलेले. यांपैकी कोणीही सायकलवर पोट भरत नव्हते. कसाऱ्याचा थळघाट ज्या जिल्ह्याच्या दाराशी आहे, तिथून अशी माणसे निघतात, यामागे योगायोगापेक्षा काहीतरी अधिक आहे असे मी मानतो. पुण्याहून निघून गोव्यापर्यंत ६४३ किलोमीटर जाणारी डेक्कन क्लिफहँगर ही शर्यतही २०१४ पासून याच भूगोलावर उभी राहिली. तिच्या नावातच कड्याचा उल्लेख आहे.

पण याच दाखल्यांतला एक माझ्या विरुद्ध जातो, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१७च्या त्याच शर्यतीत नागपूरचे डॉ. अमित समर्थ ११ दिवस २१ तासांच्या आसपास पोहोचले. गोकुळनाथांच्या मागोमाग, जेमतेम काही तासांनी. पुढच्याच वर्षी त्यांनी रशियातली नऊ हजार किलोमीटरांहून लांब ट्रान्स-सैबेरियन शर्यतही पूर्ण केली. नागपूरला घाट नाही. मग माझ्या सिद्धांताचे काय? मला हे मान्य केले पाहिजे, की घाटाशिवाय मोठा सायकलपटू होता येते, आणि घाट असूनही माणूस काहीच होत नाही, अशी उदाहरणे तर गल्लोगल्ली सापडतील. दहा-बारा दिवस चालणाऱ्या शर्यतीत निर्णायक ठरते ती झोपेवर आणि पोटावर ठेवलेली पकड, तासाभराच्या चढाची ताकद तिथे दुय्यम आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की मैदानी शहरातल्या शर्यतपटूला माप स्वतः उभे करावे लागते. ठरावीक अंतराचा रिकामा रस्ता, वाऱ्याची दिशा पाहून निवडलेली वेळ, पेडलवर शक्ती मोजणारे यंत्र, आणि प्रचंड आत्मशिस्त. हे सगळे ज्याच्याकडे आहे त्याला घाटाची गरज नाही. असे लोक थोडे असतात. घाटाचे मोल सर्वसाधारण इच्छाशक्तीच्या माणसासाठी आहे, कारण त्याला जे माप कमवावे लागले असते, ते त्याच्या दाराशी आयते उभे आहे.

दुसरा आक्षेप शरीराचा आणि पैशाचा. चढ हलक्या माणसाचा पक्षपाती आहे, असे म्हणतात, आणि ते खरे आहे. किलोमागे किती वॅट, यावर घाट ठरतो. ८५ किलोचा धिप्पाड स्वार सपाटीवर साऱ्यांना ओढून नेईल आणि घाटात ५५ किलोच्या पोराच्या मागे राहील. एकमेकांशी तुलना करायची तर घाट न्यायी नाही. कालच्या आपल्याशी तुलना करायची तर त्याच्यासारखा न्यायी पंच मिळणार नाही, आणि हौशाला मुख्यतः दुसरीच तुलना हवी असते. मात्र इथे एक खरा धोका दडलेला आहे. वजन उतरले की वेळ सुधारते, हे एकदा कळले की माणूस जेवण तोडू लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये ‘रेड-एस’ या नावाने हाच विकार मांडला. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत राहिले की हाडे कमकुवत होतात, स्त्रियांची पाळी थांबते, चिडचिड वाढते, आणि शेवटी वेगही जातो. हा रोग हौशांनाही होतो, आणि घाटाच्या घड्याळावर फाजील श्रद्धा ठेवणाऱ्यांना आधी होतो. पैशाबद्दलचा गैरसमज मात्र हिशेबाने दूर होईल. एकूण ८० किलोतला एक किलो कमी झाला तर चढाची वेळ सव्वा टक्क्याने घटते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या घाटात अर्धे मिनिट. कार्बनची सायकल घेऊन लाखभर रुपयांत जे अर्धे मिनिट मिळेल, ते महिनाभर नीट झोपूनही मिळते. तरीही या खेळात पैसा आहे आणि त्याची रेषा दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षे सायकलवर दुधाचे कॅन घालणाऱ्याला आपण ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही. त्याच रस्त्याने हेल्मेट घालून जाणाऱ्याला म्हणतो. हौशी खेळाची बाजू मांडणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट टोचली पाहिजे.

तिसरा धोका मोबाइलमधून आला. घाटाची वेळ आता वहीत राहिली नाही. स्ट्राव्हासारख्या अॅपवर प्रत्येक चढाची यादी असते आणि आपले नाव कितव्या क्रमांकावर आहे हे वर पोहोचताच कळते. चढापुरते मला यात काही वावगे दिसत नाही. अनोळखी माणसांशी वर्षभर चाललेली ती एक सौम्य शर्यतच आहे, आणि रात्रपाळी करणाऱ्यालाही तीत भाग घेता येतो. पण त्याच यादीत उतारही असतात. चढावर चूक झाली तर माणूस थांबतो, उतारावर चूक झाली तर कठड्यापलीकडे जातो. वळणापलीकडून मधली रेषा ओलांडून येणारा ट्रक, डांबरावर पसरलेली खडी, अचानक आडवी येणारी गुरे यांतले काहीही अॅपला दिसत नाही. उताराची वेळ मोजणे पूर्णपणे सोडून द्यावे, असे माझे ठाम मत आहे. तिच्यात दमाचे माप नाही. असलाच तर नशिबाचा हिशेब आहे.

चौथा आक्षेप घरातून येतो आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. रविवारची सकाळ, पहाटेची झोप, रात्री दहालाच मिटणारे डोळे हे सगळे कोणाच्या तरी वाट्यातून येते. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेची किंमत बहुतेक वेळा दुसरा कोणी मोजत असतो. नवरा घाटात असताना मुलांचे डबे कोण भरते, हा प्रश्न विचारला की पुष्कळ शौर्यकथांचा रंग उतरतो. हौशी सायकलिंगमध्ये स्त्रिया कमी दिसतात. रस्त्यावरची भीती हे त्याचे एक कारण, अंधारात एकटीने घाटाला निघणे आजही सोपे नाही. पण पहाटेचे तीन तास स्वतःचे म्हणून मागण्याची मुभा घरात कोणाला आहे, हे त्याहून मोठे कारण आहे. यावर घाट उत्तर देऊ शकत नाही. एक मात्र म्हणता येईल. मैदानी प्रदेशात चढाची तयारी करायची तर गाडीत सायकल टाकून दोन दिवस बाहेर जावे लागते. घाटाजवळ राहणाऱ्याचे काम दीड-दोन तासांत होते आणि सात वाजता तो घरी असतो. दूर कुठेतरी जाऊन केलेल्या पराक्रमापेक्षा जवळचा घाट संसाराला कमी महाग पडतो. ज्या घरांत पहाटा वाटून घेतल्या जातात, एक दिवस त्याचा आणि एक तिचा, तिथे हा खेळ वर्षानुवर्षे टिकण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

शेवटी रस्त्याबद्दल, कारण बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे. घाटरस्ते सायकलसाठी बांधलेले नाहीत, तिथे तुमचे काम काय, असे वाहनचालक म्हणतात. खरे तर ते ट्रकसाठीही बांधलेले नव्हते, बैलगाडीचे रस्ते रुंद करत करत ट्रकपर्यंत आले. आता जड वाहतूक हळूहळू घाटांच्या पोटातून जाऊ लागली आहे. खंबाटकीत एका बाजूची वाहने कधीपासूनच बोगद्यातून येतात, मुंबई-गोवा मार्गावर कशेडीला बोगदा झाला, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा २०२५ मध्ये वापरात आल्यावर कसारा घाटाला पर्याय मिळाला. टोल चुकवणारे ट्रक जुन्या वाटेने येत राहतील, पण दिशा स्पष्ट आहे. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीलाही मज्जाव आहे. म्हणजे जुने घाट हेच सायकलचे घाट राहणार आहेत. पण वाहतूक सुटली की रस्त्याची डागडुजीही सुटते. एक-दोन पावसाळ्यांत कडेचे चर बुजतात, पाणी डांबरावरून वाहू लागते, दरडीची माती तशीच पडून राहते, आणि मग एखादा पट्टा खचला की ‘रस्ता बंद’चा फलक लागतो. फ्रान्सच्या आल्प्समधल्या काही खिंडी उन्हाळ्यातल्या ठरावीक सकाळी मोटारींना बंद ठेवून सायकलींना मोकळ्या दिल्या जातात. आपल्याकडे तेवढीही मागणी करायची गरज नाही. दसऱ्याच्या आत चर उपसून घेणे, वळणांवरची खडी झाडून काढणे, तुटलेले कठडे पुन्हा बांधणे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रविवारी पहाटे पाच ते आठ जड वाहने नव्या मार्गाने वळवणे, एवढे बांधकाम विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून ठरवले, तर १८३०च्या त्या बोरघाटापासून सुरू झालेली ही वाट आणखी एक पिढी चाकाखाली राहील.